जांभ्याची खालची सीमा कशी आखावी : कोकणातील स्वतंत्र भूशास्त्रीय क्षेत्रकार्य

भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला रत्नागिरी जिल्ह्यातील सड्यांवर, म्हणजे जांभा या तांबूस सच्छिद्र खडकाच्या सपाट पठारांवर, स्वतंत्र क्षेत्रकार्य करायचे असेल, तर क्षेत्र दहा-बारा चौरस किलोमीटरांहून मोठे घेऊ नये आणि डिसेंबर ते फेब्रुवारी हाच काळ धरावा. पावसाळ्यानंतर काही आठवडे गवताखाली कातळ दिसत नाही, आणि मे महिन्यात सड्यावर उभे राहवत नाही. १:५०,००० प्रमाणाची टोपोशीट (उंचसखलपणा दाखवणारा नकाशा) मोठी करून घ्यावी. बेसाल्टमधील, म्हणजे लाव्ह्यापासून बनलेल्या काळ्या कातळातील, मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजामुळे सुई भरकटते, म्हणून होकायंत्र कातळावर टेकवून वाचन घेऊ नये.

खरी कसोटी लागते ती जांभा आणि त्याखालील बेसाल्ट यांच्यातील सीमा नकाशावर आखताना. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा कातळ वरून खाली कुजत गेलेला असल्यामुळे तेथे एक स्पष्ट रेषा नसतेच. वर कठीण कवच, त्याखाली चिरे काढण्याजोगा जांभा, मग पांढरट-जांभळी ठिपकेदार माती, त्यानंतर कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोटे आणि शेवटी ताजा काळा कातळ असा हा क्रम एकमेकांत विरघळत जातो. त्यामुळे सीमा नेमकी कशाला म्हणायचे, हे पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे. जांभ्याचा तळ आणि ठिपकेदार मातीचा माथा हीच सीमा मानावी, असे माझे ठाम मत आहे. दर उतारावर निकष बदलणाऱ्याचा नकाशा कधीच जुळत नाही.

‘उतारावर जांभा दिसेल तेथे खूण करत जा’ हा सल्ला मला मिळाला होता आणि मी तो मुकाट्याने पाळला. सड्याच्या कडेखालची माती पावसाने धुपून गेली की वरचे कवच तुटून त्याचे घराएवढे खडकही खाली घसरतात, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नव्हते. आठवडाभराच्या श्रमाने आखलेली माझी रेषा खऱ्या सीमेच्या तीसेक मीटर खाली गेली आणि सगळे पुन्हा चालावे लागले. म्हणून सुटा खडक कितीही मोठा असला तरी त्याच्या बुंध्याशी वाकून पाहावे. खाली मुरमाड ढिगारा किंवा पापुद्र्यांचे गोटे असतील, तर तो वरून आलेला आहे.

हातोड्यापेक्षा येथे पाण्यावर अधिक विश्वास ठेवावा. सच्छिद्र जांभ्यातून मुरलेले पावसाचे पाणी खालच्या ठिपकेदार चिकणमातीवर अडते आणि उतारावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते; सड्याखालच्या अनेक वाड्या या ओळीच्या आसपास वसल्या आहेत, हा योगायोग नव्हे. प्रत्येक वाडीत वयस्कर माणसांना ‘पाणी कुठे फुटते, विहीर खणताना कातळ कितीवर लागला’ एवढेच विचारावे. झरे आणि विहिरी नकाशावर टिपल्या की सीमा जवळजवळ आपोआप उमटते, आणि मग चिऱ्याच्या खाणीत व रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत ती ताडून पाहावी. खाणीत मालकाच्या परवानगीशिवाय उतरू नये. ताजा जांभा तेथेच मिळतो, कारण उघड्यावर पडलेला जांभा कालांतराने कठीण होतो आणि त्याचा नमुना फसवा ठरतो. हापूसच्या बागांतील मातीची नोंद मात्र अजिबात करू नये; कातळात खड्डे पाडून भरलेली ती माती बहुधा दुसरीकडून आणलेली असते.

किनाऱ्यावरील कड्यांसाठी ओहोटीची वेळ साधावी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते : अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे बाराच्या सुमारास ओहोटी. कड्याच्या पायथ्याशी ओहोटीच्या दोन तास आधी उतरावे आणि पाणी वळताच वर यावे.

नमुन्यांवर क्रमांक जागेवरच घालावेत. सड्यावर कातळशिल्पे आढळली, तर त्यांच्या आसपास हातोडा बाहेर काढू नये.

अंतिम नकाशात सीमा प्रत्यक्ष पाहिली तेवढीच अखंड रेषेने आणि उरलेली तुटक रेषेने दाखवावी. माझ्या दुसऱ्या, बरोबर आलेल्या नकाशातही अखंड रेषा निम्म्याहून कमी होती, आणि तोंडी परीक्षेत परीक्षकांनी पहिला प्रश्न विचारला तो तुटक रेषेवरच. झऱ्यांच्या नोंदींची वही तेव्हा सोबत असावी.