कुंडीतल्या झाडाची पाने पिवळी पडतात तेव्हा: अन्नद्रव्यांच्या कमतरतेचे निदान

गच्चीवर किंवा गॅलरीत लावलेल्या टोमॅटोची, मिरचीची, लिंबाची पाने पिवळी पडू लागली की बहुतेकांचा हात आधी खताच्या डब्याकडे जातो. कुंडीत मात्र पुष्कळदा खत पुरेसे असते. पाण्यातील क्षार, मातीचा सामू (आम्ल-अल्कता दाखवणारा पीएच) किंवा गुदमरलेली मुळे यांमुळे झाडाला ते उचलता येत नाही, आणि अशा वेळी वरून घातलेली प्रत्येक मूठ दुखणे वाढवते. म्हणून कोणते खत द्यावे हा प्रश्न शेवटी ठेवावा आणि पान, पाणी व मूळ या क्रमाने तपास करावा.

पहिली पायरी कीड आणि रोग वगळण्याची आहे. पान उलटून भिंगाखाली पाहावे, आणि फांदी पांढऱ्या कागदावर हलकेच झटकून काही हलणारे ठिपके पडतात का ते तपासावे. लाल कोळी या सूक्ष्म किडीमुळे पानावर बारीक फिकट टिपके पडतात व पुढे जाळी दिसू लागते. मिरचीची पाने वरच्या बाजूला वळून द्रोणासारखी झाली असतील तर फुलकिड्यांचा आणि खाली वळली असतील तर कोळ्यांचा संशय घ्यावा. या चुरडा-मुरड्यावर कोणतेही खत चालत नाही. अन्नद्रव्याच्या कमतरतेची खूण अशी की ती पानाच्या मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखी उमटते आणि झाडावरील एकाच वयाच्या सगळ्या पानांवर साधारण एकदमच दिसते, तर रोगाचे डाग वाटेल तिथे पडतात. झाडाची अगदी तळाची दोन-चार पाने वयाने पिवळी होऊन गळत असतील आणि शेंडा तजेलदार असेल, तर काहीही करू नये.

यानंतर लक्षण जुन्या पानांवर आहे की कोवळ्या, हे ठरवावे, कारण निम्मे निदान इथेच होते. नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम ही अन्नद्रव्ये झाडाच्या आत सहज फिरतात. ती कमी पडली की झाड जुन्या पानांतून ती काढून शेंड्याकडे पाठवते आणि म्हणून खालची पाने आधी बिघडतात. लोह, जस्त, मँगनीज, कॅल्शियम आणि बोरॉन एकदा पानात बसले की फारसे हलत नाहीत, त्यामुळे त्यांची टंचाई नव्या पालवीवर किंवा शेंड्यावर दिसते.

जुने पान शिरांसकट सगळे एकसारखे फिकट पिवळे झाले असेल आणि वाढ खुंटली असेल तर नत्र कमी आहे. कुंडीत अर्धवट कुजलेला पालापाचोळा किंवा लाकडाचा भुसा मिसळलेला असल्यास तो कुजवणारे जिवाणूच नत्र खाऊन टाकतात, हे कारण घरगुती कंपोस्ट वापरणाऱ्यांनी आधी तपासावे. जुन्या पानाच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला असेल तर मॅग्नेशियमकडे पाहावे. फळांनी लगडलेल्या टोमॅटोवर हे चित्र हमखास दिसते, आणि फळे पोसावीत म्हणून तेरा-शून्य-पंचेचाळीससारखे पालाशयुक्त खत हात सैल सोडून दिले असेल तर अधिकच, कारण जादा पालाश मॅग्नेशियमची उचल अडवते. पालाशच्या टंचाईत जुन्या पानाच्या कडा आधी पिवळ्या व मग करपल्यासारख्या तपकिरी होतात, पण क्षार साठल्यावरही कडा तशाच करपतात. कुंडीच्या काठावर किंवा मातीवर पांढरी पापुद्री दिसत असेल तर पालाश देण्यापूर्वी थांबावे. स्फुरदाच्या कमतरतेत पाने गडद होऊन त्यांची खालची बाजू जांभळट दिसते. मात्र पुण्या-नाशकाकडच्या थंडीत माती गार पडली की मुळांना स्फुरद उचलता येत नाही आणि ऊब वाढली की हा रंग बहुधा आपोआप जातो.

महाराष्ट्रातल्या कुंड्यांमध्ये सर्वाधिक फसवणूक लोहाबाबत होते. जास्वंद, मोगरा, कढीपत्ता आणि लिंबू यांची कोवळी पाने पिवळी, त्यांवर हिरव्या शिरांची बारीक नक्षी, आणि दुखणे वाढल्यास पान जवळजवळ पांढरे, असे चित्र असेल तर लोह कमी पडते आहे. लिंबाच्या कोवळ्या पानांवर पिवळे पट्टे पडून ती शिवाय लहान व अरुंद निघत असतील तर ती जस्ताची खूण आहे. आपल्या बेसाल्टच्या मातीत लोहाला तोटा नसतो. मातीत चुनखडी असली आणि त्यावर बोअरचे बायकार्बोनेटयुक्त पाणी रोज पडत राहिले की सामू साडेसातच्या वर जातो आणि लोह विरघळेनासे होते. अशा मातीत हिराकस (फेरस सल्फेट) टाकला तरी त्यातले लोह लवकरच पुन्हा अविद्राव्य होते. दुकानातून चिलेटेड लोह, म्हणजे सेंद्रिय रेणूत बांधून विद्राव्य ठेवलेले लोह, आणताना वेष्टनावरील अक्षरे वाचावीत: ईडीटीए प्रकारचे लोह सामू साडेसहाच्या वर गेला की मातीत फारसे टिकत नाही, म्हणून ते पानांवर फवारावे, मातीत द्यायचे असल्यास ईडीडीएचए प्रकार घ्यावा, जो अधिक अल्कधर्मी मातीतही टिकतो. कढीपत्त्याला आंबट ताक घालण्याची घरोघरची रीत वाईट नाही, पण त्यातले आम्ल रोजच्या बोअरच्या पाण्यापुढे फार पुरे पडत नाही.

टोमॅटोच्या फळाच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडणे ही कॅल्शियमची कमतरता असली तरी तिचे मूळ बहुधा पाणी देण्याच्या पद्धतीत असते. कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबरच वर चढते, त्यामुळे कुंडी एके दिवशी कोरडी ठणठणीत आणि दुसऱ्या दिवशी चिखल अशी राहिली तर ते फळापर्यंत पोहोचत नाही. अंड्याच्या टरफलांची पूड अल्कधर्मी मातीत इतकी हळू विरघळते की चालू हंगामातल्या फळांना तिचा उपयोग होत नाही, आणि या डागावर एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) सुचवणाऱ्यांकडे दुर्लक्ष करावे, कारण मॅग्नेशियम कॅल्शियमशी स्पर्धाच करते. केवळ कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, लागवड असेल तर गोष्ट थोडी वेगळी आहे: कोकोपीटमध्ये मुळातच सोडियम व पालाश असते आणि ते कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवते, म्हणून लागवडीपूर्वी ते भरपूर धुऊन कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवून घ्यावे.

पानांवरून अंदाज बांधला की तो पाण्यावर पडताळून पाहावा. यासाठी सामू मोजण्याचा कागद आणि पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा साधा टीडीएस मीटर पुरतो. कुंडीला नेहमीप्रमाणे पूर्ण पाणी द्यावे, अर्ध्या तासाने थोडे डिस्टिल्ड पाणी वरून हळूहळू ओतावे आणि तळाच्या भोकातून गळणारे साधारण ५० मिलीलीटर पाणी भांड्यात धरून मोजावे. बहुतेक भाज्यांना मातीच्या मिश्रणात ६ ते ६.८ सामू मानवतो. गळालेल्या पाण्यातील क्षार तुम्ही देत असलेल्या पाण्यापेक्षा कितीतरी अधिक असतील तर कुंडीत मीठ साठले आहे; अशा वेळी कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट-तिप्पट साधे पाणी हळूहळू सोडून ती धुवावी आणि नंतर हलक्या मात्रेत खत सुरू करावे, कारण धुण्यात नत्रही वाहून जाते. घरातल्या आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी वाचवून झाडांना घालणे हा काटकसरीचा विचार कौतुकाचा असला, तरी त्यात मूळ पाण्यातले क्षार एकवटलेले असतात. ते फरशी धुण्यास वापरावे. पावसाळ्यात पिंपात साठवलेले पावसाचे पाणी मात्र लोहाच्या दुखण्यावर उत्तम काम करते.

सामू आणि क्षार दोन्ही ठीक निघाले तर झाड अलगद उपसून मुळे पाहावीत. निरोगी मुळे पांढरट व कडक असतात. तपकिरी, मऊ आणि कुबट वासाची मुळे सततच्या ओलीने कुजलेली असतात, तर मुळांवरच्या गाठी सूत्रकृमी (मुळांत शिरणारे सूक्ष्म कृमी) दाखवतात. कुंडीत वाफसा टिकत नसेल, म्हणजे मातीत ओल व हवा एकत्र नांदत नसतील, तर मुळांना कोणतेही अन्नद्रव्य घेता येत नाही, आणि वर दिसणारा पिवळेपणा नत्राच्या टंचाईसारखाच भासतो.

एवढे करूनही शंका उरली तर औषध आधी एकाच फांदीवर करून पाहावे. लोहाचा संशय असल्यास चिलेटेड लोह लिटरला अर्धा ग्रॅम, मॅग्नेशियमचा असल्यास मॅग्नेशियम सल्फेट लिटरला ५ ग्रॅम या प्रमाणात सायंकाळी फवारावे आणि त्या फांदीची इतर फांद्यांशी आठवडाभर तुलना करावी. दोन उपाय एकाच वेळी करू नयेत, अन्यथा गुण कशाचा आला ते कळत नाही. करपलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही, त्यामुळे उपाय लागू पडला की नाही हे त्यानंतर फुटलेल्या पालवीवरूनच ठरवावे.