रक्त कमी आहे म्हटल्यावर: आधी कारण, मग ताट

तपासणीत हिमोग्लोबिन कमी आले की घरात सर्वप्रथम बीट येते, त्यापाठोपाठ खजूर आणि गूळ-शेंगदाणे, आणि शेवटी औषधाच्या दुकानातून कुणाच्या तरी सांगण्यावरून लोहाच्या टॉनिकची बाटली. रक्त का कमी झाले, हा प्रश्न मात्र बहुतेक वेळा विचारलाच जात नाही. नागपुरात तर तो आधी विचारणे फार गरजेचे आहे, कारण विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण मोठे आहे आणि सिकलसेलचा उपचार व लोहाच्या कमतरतेचा उपचार एक नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार हिमोग्लोबिन पुरुषांत १३, स्त्रियांत १२ आणि गरोदरपणात ११ (चौथ्या ते सहाव्या महिन्यात १०.५) ग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी असल्यास त्यास रक्तक्षय म्हणतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया या रेषेखाली आढळल्या. थकवा, जिना चढताना लागणारी धाप, छातीत धडधड, फिकट पडलेल्या पापण्या, माती किंवा खडू खाण्याची इच्छा ही लक्षणे इतकी हळूहळू येतात की बायका त्यांना कामाचा शीण समजून वर्षानुवर्षे अंगावर काढतात.

म्हणून पहिली पायरी म्हणजे सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी करणारी साधी रक्ततपासणी. तिच्या अहवालात एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार, अवश्य पाहावा. तो ८० पेक्षा कमी असेल तर लोहाची कमतरता किंवा थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराची शक्यता असते. १०० पेक्षा जास्त असेल तर बी-१२ किंवा फोलिक आम्लाची कमतरता तपासावी लागते. शरीरातील लोहाचा साठा रक्तातील फेरिटिन या प्रथिनावरून कळतो. मात्र ताप किंवा जंतुसंसर्ग असताना फेरिटिन वाढते आणि साठा आहे त्याहून चांगला भासतो. घरात कुणाला सिकलसेल असल्यास, किंवा मुलाचे हातपाय वारंवार दुखत असून डोळे पिवळसर दिसत असल्यास, सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी आणि त्यानंतर निदान पक्के करणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी करून घ्यावी. त्यासाठी नागपूरच्या 'मेडिकल' किंवा 'मेयो' या सरकारी रुग्णालयांत जाण्यास संकोच करू नये.

सिकलसेलच्या 'एसएस पॅटर्न'मध्ये, म्हणजे आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आल्यास, लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि १२० दिवस जगण्याऐवजी साधारण १० ते २० दिवसांतच फुटतात. तेथे रक्त कमी असले तरी लोह कमी असेलच असे नाही. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णात ते उलट साठत जाऊन यकृताला आणि हृदयाला इजा करू शकते. अशा रुग्णाला तपासणीशिवाय लोहाचे औषध देऊ नये. डॉक्टर बहुधा फोलिक आम्ल देतात, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात भरपूर पाणी पाजणे हे त्या मुलासाठी औषधाइतकेच महत्त्वाचे असते. 'एएस पॅटर्न'चा, म्हणजे एकाच पालकाकडून सदोष जनुक आलेला, माणूस मात्र केवळ वाहक असतो. त्याचे रक्त कमी असेल तर ते सिकलसेलमुळेच आहे असे मानून स्वस्थ बसू नये, कारण त्यामागे बरे होण्याजोगे वेगळे कारण असण्याची शक्यता अधिक असते.

अशी कारणे अनेक आहेत. मासिक पाळीतील अतिरक्तस्राव, लागोपाठची बाळंतपणे आणि अनवाणी शेतात वावरताना शरीरात शिरणारे अंकुशकृमी (आतड्यात रक्त शोषणारे जंत) ही नेहमीची होत. पुरुषात किंवा पाळी गेलेल्या स्त्रीत लोह कमी आढळले तर मूळव्याध, जठरव्रण किंवा आतड्याच्या गाठीतून रक्त जात नाही ना, हे डॉक्टरांकडून पाहून घेतलेच पाहिजे. तेथे आहारावर विसंबणे धोक्याचे आहे.

लोहच कमी आहे हे निश्चित झाले की ताटाकडे वळावे. भारतीय आहार मार्गदर्शनानुसार प्रौढ स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम आणि पुरुषाला १९ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळायला हवे. मटण आणि कलेजीतील लोह शरीर सहज शोषून घेते. धान्य, डाळी आणि भाज्यांतील लोह फार थोडे शोषले जाते. म्हणून शाकाहारी घरात लोह किती खाल्ले यापेक्षा ते कशासोबत खाल्ले, याला अधिक महत्त्व आहे. आपल्या तर्री पोह्यांचेच पाहा. हरभऱ्याच्या तर्रीत लोह असते, पोह्यांतही थोडेफार असते, आणि वर पिळलेल्या लिंबातील क जीवनसत्त्व ते शोषण्यास मदत करते. इथपर्यंत उत्तम; पण लगेच घेतलेल्या चहातील टॅनिन त्यातील बरेचसे लोह अडवते. चहा जेवणाआधी किंवा नंतर तासभर दूर ठेवावा, एवढा एकच बदल करण्याची मी सर्वांना कळकळीने विनंती करते.

संत्र्यांचा हंगाम असताना जेवणासोबत संत्रे, एरवी पेरू, आवळा किंवा लिंबू ठेवावे. बाजरीची भाकर, मोड आलेली मटकी, चवळी, मसूर, तीळ आणि भिजवलेले अळीव आलटून पालटून खावे. मोड आणल्याने आणि पीठ आंबवल्याने लोहाला अडवणारे फायटेट कमी होते. लोखंडी कढईत आंबट भाजी शिजवल्यास थोडे लोह अन्नात उतरते. बीट आणि डाळिंब खुशाल खावे, परंतु लाल रंगावरून त्यांत रक्त वाढवण्याची शक्ती मानू नये. त्यांत लोह थोडेच असते. बी-१२ वनस्पतींत जवळजवळ नसते, म्हणून शाकाहारींनी दूध-दही नियमित घ्यावे, आणि हातापायांना मुंग्या येत असल्यास केवळ फोलिक आम्लाच्या गोळ्यांवर थांबू नये, कारण त्याने रक्त सुधारलेले दिसते आणि नसांची हानी मात्र चालूच राहते.

हिमोग्लोबिन बरेच उतरलेले असेल तर केवळ आहाराने ते भरून निघत नाही, गोळ्या घ्याव्याच लागतात. गरोदरपणात सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असते, आणि ती १८० दिवस घ्यायची असते. गोळी लिंबूपाण्यासोबत घ्यावी; दूध, चहा किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नये. शौच काळसर होते, त्याला घाबरू नये. पोटात जळजळ झाल्यास गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावे, आणि बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी, कारण लहान मुलाने एकदम अनेक गोळ्या गिळल्यास जीवावर बेतू शकते. हिमोग्लोबिन पूर्ववत झाल्यावरही साठा भरण्यासाठी साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. महिनाभर नेमाने घेऊनही ते किमान एक ग्रॅमने वाढले नाही, तर मात्रा वाढवत न बसता सर्व अहवाल घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जावे आणि रक्त कुठून जात आहे किंवा कुठे नष्ट होत आहे, हे विचारावे.