बीगल की ग्रेट डेन? पिल्लू आणण्यापूर्वी या चुका टाळा

बीगल घ्यावा की ग्रेट डेन, असे विचारायला लोक येतात तेव्हा बहुतेकांचा निर्णय आधीच झालेला असतो आणि त्यांना माझ्याकडून फक्त होकार हवा असतो. हिशेब ठरलेला असतो: घर लहान तर बीगल, मोठे असेल तर ग्रेट डेन. कुत्र्यांना वळण लावण्याचे काम मी बरीच वर्षे करते आहे आणि हा हिशेब मला आता ऐकवत नाही.

घराच्या मापाने कुत्रा निवडणे

बीगल खांद्यापाशी जेमतेम ३३ ते ४० सेंटिमीटर उंच असतो, आणि लोक तेवढेच पाहतात. इंग्लंडमध्ये ही जात सशांच्या शिकारीसाठी तयार झाली. कळपाने राहायचे, नाक जमिनीला लावून तासन्तास माग काढायचा आणि मागून पायी येणाऱ्या शिकाऱ्याला आपण कुठे आहोत हे कळावे म्हणून गळा काढायचा, हे त्याचे काम होते. म्हणजे दम, नाक, सोबतीची गरज आणि खणखणीत आवाज या चारही गोष्टी त्याच्यात मुद्दाम जोपासलेल्या आहेत. ग्रेट डेन (नावात डेन असला तरी हा जर्मनीचा) रानडुकरांच्या शिकारीचा कुत्रा होता. नराची उंची ७६ सेंटिमीटरच्या वर आणि वजन ५० किलोच्या पुढे सहज जाते. तरीही आजचा वयात आलेला ग्रेट डेन सकाळ-संध्याकाळ व्यवस्थित फिरून आला की उरलेला दिवस लोळून काढतो.

हे सगळे माहीत असूनही मी एकदा चुकले. दोन खोल्यांचे घर, नवरा-बायको दोघेही दिवसाचे नऊ तास बाहेर, आणि ग्रेट डेन मनात असूनही 'जागा नाही' म्हणून त्यांनी बीगल पसंत केलेला. मीही मान डोलावली. पिल्लू आठ महिन्यांचे झाले तेव्हा शेजाऱ्यांची तक्रार आली. मी त्या दोघांना नेहमीसारखे कुलूप लावून निघून जायला सांगितले आणि स्वतः जिन्यात बसून राहिले. पहिली पाच-सहा मिनिटे दाराच्या फटीतून हुंगल्याचा आवाज येत होता, मग नखांनी खरवडणे सुरू झाले आणि त्यानंतर त्याने जो हेल काढला तो तळमजल्यापर्यंत घुमला. दार उघडल्यावर पाहिले तर चौकटीचा खालचा वीतभर भाग रंग जाऊन पांढरा पडला होता.

त्यांनी तोवर भुंकताच झटका देणारा पट्टाही आणून ठेवला होता. तो मी त्याच दिवशी बंद करायला लावला, कारण एकटेपणाने घाबरलेल्या कुत्र्याला झटका दिला की त्याची भीती दुप्पट होते आणि तो हेल काढायचा थांबला तरी चौकट खरवडणे थांबवत नाही. त्याऐवजी एकटे राहण्याची सवय एका मिनिटापासून वाढवत नेली, फिरताना घाईने ओढत नेण्याऐवजी अर्धा तास मनसोक्त हुंगू दिले आणि सकाळचे खाणे भांड्यात न देता चुरगळलेल्या जुन्या टॉवेलच्या घड्यांत लपवून दिले. तीन महिन्यांनी तो दोन तास शांत राहू लागला. नऊ तास कधीच राहिला नाही. अखेर दिवसभर त्याला सासूबाईंकडे सोडायचे ठरले.

तेव्हापासून खोल्या किती, हे मी विचारत नाही. सुट्टीचा नव्हे, तर कामाचा एक साधा दिवस तासातासाने कागदावर लिहून आणा, असे सांगते. घरात माणूस नाही असे सलग सहा-सात तास त्यात दिसले, तर बीगलचा विषय मी तिथेच संपवते. ग्रेट डेनलाही एवढा एकटेपणा मानवत नाही, हेही त्याच वेळी सांगून टाकते.

पिल्लू लवकर मोठे करण्याची घाई

ग्रेट डेनच्या बाबतीत सर्वांत राग येतो तो या चुकीचा. हाडे मजबूत व्हावीत म्हणून चांगल्या तयार आहारावर आणखी कॅल्शियमची पूड घालतात. कोवळ्या पिल्लाच्या शरीराला आतड्यांतून शिरणारे जास्तीचे कॅल्शियम नीट अडवता येत नाही, आणि त्याचा परिणाम वाढत्या हाडांवर आणि सांध्यांवर होतो. पाच महिन्यांचे, पुढचे पाय धनुष्यासारखे वाकलेले पिल्लू मी पाहिले आहे. मालक मात्र त्याच्या वजनावर खूश होते. ही वाढ दीड ते दोन वर्षे चालते. तिला तेवढा वेळ द्यावा, मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचाच आहार मोजून घालावा आणि बोटांना बरगड्या जाणवतील इतपतच अंग ठेवावे.

दिवसाचे सगळे खाणे एकाच वेळी देणे हीदेखील चूकच आहे. खोल छातीच्या या जातीत जठर फुगून पिळवटण्याचा धोका फार मोठा असतो, म्हणून खाणे दोन-तीन वेळांत विभागावे आणि खाल्ल्यावर धावपळ टाळावी. पोट टणक झाले, लाळ गळू लागली आणि उलटीचे उमाळे येऊनही काही पडत नसेल, तर घरगुती उपायांत मिनिटभरही घालवू नये. थेट पशुवैद्याकडे न्यावे. जठर आतून टाके घालून जागेवर धरून ठेवण्याची शस्त्रक्रिया नसबंदीच्या वेळीच करता येते, तिच्याबद्दल आधीच विचारून ठेवावे.

उरलेल्या चुका थोडक्यात

बीगलला मोकळ्या मैदानात पट्ट्याशिवाय सोडू नये. एकदा वास लागला की हाक त्याच्या कानांत शिरत नाही.

बीगलच्या केविलवाण्या नजरेला भुलून ताटातले घास देऊ नयेत. तो उपाशी नसतो, आणि लठ्ठ मात्र फार लवकर होतो.

ग्रेट डेनला पट्टा न ओढता चालायला तिसऱ्या महिन्यातच शिकवावे. वर्षभराने शिकवू म्हणणाऱ्यांना कुत्राच फिरवून आणतो.

आयुष्याचा हिशेब आधी करावा: बीगल साधारण १२ ते १५ वर्षे जगतो, ग्रेट डेन बहुधा ७ ते १०. औषधाची मात्राही बहुतेक वेळा वजनावर ठरते, त्यामुळे ग्रेट डेनचा साधा ताप बीगलच्या तापापेक्षा महाग पडतो.

आई आणि वडील दोघेही ठिपकेदार राखाडी, म्हणजे मर्ल रंगाचे असतील, तर त्या वेतातले पिल्लू घेऊ नये. अशा पिल्लांत बहिरेपणा आणि डोळ्यांचे दोष आढळतात.

आणि ठरत नाही म्हणून दोन्ही पिल्ले एकदम आणू नयेत. सहा महिन्यांत एकाचे वजन दुसऱ्याच्या चौपट होते, आणि मोठ्याने खेळात टाकलेला पंजा लहानाच्या पाठीवर पडतो. पहिला कुत्रा दोन वर्षांचा होऊन शहाणा झाला की मग दुसऱ्याचा विचार करावा.