मालिकेतली शांत दीर्घकथा कशी वाचावी

दिवाळी अंकांतल्या दीर्घकथांवर वाढलेल्या वाचकाला छोट्या आवाक्याच्या गोष्टीचे वावडे नसते. तरीही आवडत्या फँटसी मालिकेतले लहानसे, जवळजवळ काहीच न घडणारे पुस्तक हाती आले की तोच वाचक पुष्कळदा चिडतो. पॅट्रिक रॉथफस यांच्या ‘द स्लो रिगार्ड ऑफ सायलेंट थिंग्ज’ या २०१४ सालच्या पुस्तकाच्या बाबतीत माझेही तसेच झाले होते. स्वारगेट ते कात्रज अशा बसप्रवासात ते मी वाचायला घेतले आणि आठवड्याभरात अर्धवट टाकून दिले. दोष पुस्तकाचा नव्हता, वाचण्याच्या रीतीचा होता, हे दुसऱ्या खेपेस लक्षात आले.

पहिली गोष्ट क्रमाची. ‘द नेम ऑफ द विंड’ (२००७) आणि ‘द वाइज मॅन्स फिअर’ (२०११) हे त्या मालिकेचे पहिले दोन्ही जाड खंड वाचून झाल्याशिवाय याला हात लावू नये. कदाचित हे पुस्तक तुम्हाला विकत घ्यावेसे वाटणार नाही, असे लेखकाने प्रस्तावनेच्या आरंभीच बजावले आहे, आणि तो विनय समजण्याचे कारण नाही. अप्पा बळवंत चौकातल्या एखाद्या दुकानात प्रत दिसलीच, तर तेवढी प्रस्तावना उभ्या उभ्या वाचावी आणि मगच खिशात हात घालावा.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. मालिकेच्या तिसऱ्या खंडाची वाट पाहणारा वाचक या पानांतही पुढच्या कथानकाचे धागे शोधत राहतो, आणि ते मिळत नाहीत म्हणून रुसतो. येथे आहे ती फक्त ऑरी, विद्यापीठाखालच्या बोगद्यांत एकटी राहणारी मुलगी. सात दिवसांनी ‘तो’ भेटायला येणार आहे आणि तिला त्याची तयारी करायची आहे. संवाद नाहीत, ‘तो’ म्हणजे मालिकेचा नायक क्वोथ हे आधीचे खंड वाचलेल्याला ठाऊक असले तरी त्याचे नावसुद्धा येत नाही. म्हणून ‘पुढे काय होणार’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘ही वस्तू कुठे शोभेल’ हा ऑरीचाच प्रश्न आपण धरून चालावे.

तिला पाण्यातून एक जड पितळी दातेरी चक्र सापडते, त्याचा एक दात तुटलेला. ते चक्र घेऊन ती या खोलीतून त्या खोलीत जाते, एका जागी ठेवून पाहते, मनास येत नाही म्हणून पुन्हा उचलते. पहिल्या वाचनात मी ही पाने भराभर उलटली होती. नंतर मला आमची आजी आठवली. देवघरातली समई कोणी पुसायला घेऊन बोटभर सरकवून ठेवली, तर संध्याकाळी वात लावण्यापूर्वी तिच्या ते ध्यानात येई आणि समई मूळ जागी गेल्याशिवाय काडी ओढली जात नसे. त्या नजरेने वाचले की ऑरीचा हट्ट वेडेपणा वाटत नाही आणि चक्र उचलले गेले की आपलाही जीव थोडा खालीवर होतो.

साबणाचा प्रसंग मात्र मोठ्याने वाचावा. ती साबण तयार करते आणि लेखक कित्येक पाने त्यातच रमतो. राखेतून निघणारे क्षाराचे पाणी आणि चरबी यांच्यापासून साबण होतो, हे रसायन खरेच आहे. पण लक्ष द्यायचे ते तिच्या हातांच्या क्रमाकडे आणि वाक्यांच्या लयीकडे, जी मनातल्या मनात वाचताना निसटते. घरातले हसतील, हसू द्यावे.

जमिनीखालचे ते जग डोळ्यांसमोर येत नसेल, तर पुणेकराने फार लांब जाण्याची गरज नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणण्यासाठी बांधलेला नळ पेठांच्या पोटातून गेला, आणि त्या पाण्यावर भरणारे हौद या शहराने पिढ्यान्‌पिढ्या वापरले. ज्या रस्त्याने मी बसमध्ये कंटाळून जांभया देत होतो, त्याच दिशेने कधी काळी ते पाणी खालून वाहत आले होते, ही जाणीव मला नकाशापेक्षा अधिक उपयोगी पडली.

वेळेबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही: पावसाळी संध्याकाळ, फोन दुसऱ्या खोलीत, दोन किंवा तीन बैठका. तिसऱ्या दिवसाचे प्रकरण मात्र ऑरी रडली एवढ्या एकाच वाक्याचे आहे. तेथे पान उलटण्याची घाई न करता त्या दिवसापुरते पुस्तक मिटून ठेवावे.

वाचून झाल्यावर पहिल्या खंडातले छपरावरच्या भेटींचे प्रसंग पुन्हा काढावेत. माझ्यासाठी काय आणलेस, असे ऑरी विचारते आणि आपणही क्वोथला काहीतरी देते, तो सगळा व्यवहार पूर्वी गोड पोरखेळ वाटला होता. आता तिच्या मुठीतून पुढे येणारी प्रत्येक वस्तू पाहताना, ती कोणत्या खोलीतून आली असेल आणि निवडायला तिला किती दिवस लागले असतील, याचा हिशेब आपोआप सुरू होतो.