जॅक बसतो, केबल चालत नाही: ॲम्प्लिफायरसाठी स्पीकर केबल निवडताना या चुका टाळा

गणपती जवळ आले की कुडाळ, सावंतवाडी, मालवण या भागांतून माझ्याकडे ॲम्प्लिफायर दुरुस्तीला येऊ लागतात आणि जत्रांचा हंगाम संपून शिमगा होईपर्यंत हा ओघ कमीअधिक चालूच राहतो. त्यांतल्या बऱ्याच यंत्रांत मुळात काहीही बिघडलेले नसते. घोळ असतो तो यंत्र आणि स्पीकर यांच्यामधल्या केबलमध्ये. हेड (ॲम्प्लिफायरचा वेगळा डबा) आणि कॅबिनेट (स्पीकरची पेटी) घेताना महिनाभर चौकशी करणारा वादक केबल मात्र दुकानातून निघता निघता, “एक वायरपण टाका हो त्यात,” एवढ्यावर उरकतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे गिटारची लीड, म्हणजे गिटार ॲम्प्लिफायरला जोडायची केबल, हेडपासून कॅबिनेटपर्यंत जोडणे. दोन्ही केबलींना तोच 6.35 मिमीचा जॅक असतो आणि बाहेरचे काळे आवरणही सारखेच दिसते, म्हणून ही चूक होते. आतली रचना मात्र पूर्णपणे वेगळी असते. गिटार ज्या इनपुटमध्ये लागते त्याचा रोध साधारण दहा लाख ओहम असतो, त्यामुळे त्या लीडमधून नगण्य प्रवाह वाहतो. म्हणून तिच्या मध्यभागी बारीक तारांची एकच गाभ्याची वायर आणि तिच्याभोवती गुणगुण अडवणारी जाळी एवढेच पुरते. स्पीकरचा रोध 4 किंवा 8 ओहम असतो. शंभर वॉटचा ॲम्प्लिफायर पूर्ण ताकदीने चालला तर 8 ओहमच्या स्पीकरमध्ये सुमारे साडेतीन आणि 4 ओहमच्या स्पीकरमध्ये पाच अँपिअर प्रवाह जातो. एवढा प्रवाह त्या बारीक गाभ्यातून ढकलायचा म्हणजे केबल तापणारच.

मालवण तालुक्यातल्या एका गावच्या गणपतीत मुंबईहून आलेल्या चाकरमानी मुलांनी ऑर्केस्ट्रा बसवला होता आणि गिटारसाठी शंभर वॉटचा व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांचा) ॲम्प्लिफायर आणला होता. दोन-तीन गाण्यांनंतर आवाज मध्येच तुटू लागला. तुटतो आहे म्हटल्यावर वादकाने थांबून पाहण्याऐवजी व्हॉल्यूम वाढवला. मी श्रोता म्हणून गेलो होतो, पण न राहवून स्टेजमागे गेलो आणि केबलला हात लावला, तर जॅकजवळचा भाग चटका बसेल इतका तापलेला होता. ती गिटारची लीड आहे, हेड बंद करा, असे सांगितल्यावर त्यांच्या मदतीला असलेला गावातला मुलगा म्हणाला, “काका, जॅक तर बराबर बसता, मगे प्रॉब्लेम काय?” त्याला उत्तर देण्याआधीच आवाज पूर्ण गेला आणि जळका वास आला. दुसऱ्या दिवशी ते हेड माझ्या टेबलावर उघडले तेव्हा एका ईएल34 व्हॉल्व्हच्या सॉकेटवर दुसऱ्या आणि तिसऱ्या पिनेच्या मध्ये कोळशासारखी काळी रेघ उमटलेली होती आणि व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामधल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरचे प्राथमिक वेटोळे गेले होते. सॉकेट बदलता आले. ट्रान्सफॉर्मर मात्र पुन्हा गुंडाळून घ्यावा लागला आणि त्या मुलांचे विसर्जनापर्यंतचे सगळे कार्यक्रम गिटारविना झाले.

असे का झाले, हे समजून घेणे आवश्यक आहे. जॅकजवळ वाकून वाकून काही तारा आधीच तुटलेल्या होत्या, उरलेल्या तारांवर सगळा प्रवाह आला आणि अखेर तो सांधा सुटला. व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर वाजत असताना स्पीकरची जोडणी तुटली तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रचंड व्होल्टेज उसळते आणि ते सॉकेटच्या पिनांमधून ठिणगी टाकते. ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरचे याच्या उलट असते: स्पीकर सुटला तर त्याला सहसा काही होत नाही, पण केबल आतल्या आत शॉर्ट झाली तर आउटपुट ट्रान्झिस्टर जातात. गिटारच्या लीडमध्ये तापून मऊ झालेले आवरण नेमके तेच घडवू शकते.

यावर माझी सवय साधी आहे. कोणत्याही केबलच्या जॅकचे कवच फिरवून उघडल्याशिवाय मी ती स्पीकरला लावत नाही. आत एक गाभा आणि पिळलेली जाळी दिसली तर ती गिटारची. सारख्या जाडीच्या, वेगवेगळ्या आवरणाच्या दोन वायर दिसल्या तर ती स्पीकरची. जॅक साच्यात ओतलेला असेल आणि आवरणावर काहीच छापलेले नसेल, तर ती केबल मी घेत नाही. स्पीकरच्या केबलींना दोन्ही टोकांना लाल स्लीव्ह चढवून त्या वेगळ्या पिशवीत ठेवतो. यासाठी वेळ नाही म्हणणाऱ्यांना ट्रान्सफॉर्मरसाठी थांबायला मात्र आठवडेच्या आठवडे मिळतात.

दुसरी चूक किनाऱ्यावर विशेष भोवते, ती म्हणजे तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम घेणे. दुकानदार त्याला सीसीए म्हणतो किंवा काहीच म्हणत नाही. त्याचा रोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो, त्यामुळे 2.5 चौरस मिमीचे सीसीए कामाला जेमतेम 1.5 च्या तांब्याएवढे ठरते. शिवाय जेथे ते कापले जाते तेथे खारी, दमट हवा दोन धातूंच्या सांध्यात शिरते आणि एका पावसाळ्यात टोक पांढऱ्या भुकटीसारखे होऊन गळू लागते. केबल विकत घेताना एक तार ब्लेडने खरवडून पाहावी. वरून तांबूस आणि आतून चंदेरी असेल तर परत करावी. वरून चंदेरी आणि आतून तांबूस असेल तर ते कल्हई केलेले तांबे, आणि समुद्राजवळ राहणाऱ्याने थोडे पैसे अधिक देऊनही तेच घ्यावे, कारण साधे तांबे येथे आवरणाच्या आतपर्यंत काळे पडत जाते.

जाडीविषयी थोडक्यात सांगायचे तर हेड आणि कॅबिनेट शेजारी असतील तर 1.5 चौरस मिमी पुरेसे आहे. मंडपाच्या दुसऱ्या टोकाला 4 ओहमचा स्पीकर न्यायचा असेल तर हिशेब बदलतो. पंधरा मीटर केबल म्हणजे जाऊन-येऊन तीस मीटर तार, 0.75 चौरस मिमीच्या तांब्यात तिचा रोध सुमारे 0.8 ओहम होतो आणि स्पीकरपर्यंत पोहोचणारी ताकद जवळपास तीस टक्क्यांनी घटते. 2.5 चौरस मिमी वापरल्यास ही घट अकरा टक्क्यांच्या आसपास येते. हा रोध साध्या मल्टिमीटरने मोजायला जाऊ नये, कारण त्याच्या स्वतःच्या प्रोबचा रोधच त्यात मिसळतो.

ऑक्सिजनमुक्त तांबे, सोन्याचा मुलामा, बाणाने दाखवलेली दिशा यांवर पैसे घालवू नयेत. आयएस 694 हे भारतीय मानक छापलेली, शुद्ध तांब्याची दोन कोअरची लवचीक वायर उत्तम काम करते. फक्त तिचा रंग मंडपातल्या लाइटच्या वायरीपेक्षा वेगळा असावा.

स्पीकरला तीन पिनांचा प्लग लावणारे डेकोरेटर अजूनही आढळतात. अंधारात कोणीतरी तो 230 व्होल्टच्या सॉकेटमध्ये खुपसतोच, म्हणून असा प्लग दिसला की मी आधी तो कापतो आणि मग बोलतो. जेथे शक्य असेल तेथे स्पीकॉन लावावा. न्यूट्रिक कंपनीने 1987 साली आणलेला हा कनेक्टर फिरवून अडकतो, ओढला तरी सुटत नाही आणि लावताना शॉर्टही होत नाही. त्यात 1+ आणि 1− हीच जोडी वापरली आहे ना, हे मात्र पाहावे.

दोन कॅबिनेटांपैकी एकाच्या वायरी उलट लागल्या तर बेस नाहीसा होतो. पेन्सिल सेल क्षणभर टेकवून दोन्ही स्पीकरांचे कोन (पडदे) पुढेच येतात का ते तपासावे. आतच ॲम्प्लिफायर असलेल्या स्पीकरला स्पीकर केबल लावू नये, कारण जाळी नसल्यामुळे ती गुणगुण उचलते. पिळून काळी टेप गुंडाळलेला जोड चालत नाही. जॅकला खोबरेल तेल चोळणारे महाभागही मी पाहिले आहेत. त्याऐवजी कॉन्टॅक्ट क्लीनर वापरावा आणि पावसाळ्यात केबली सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवाव्यात.