आधी माप, मग रंग

दुकानात शिरलेलं गिऱ्हाईक पहिल्यांदा विचारतं ते रंगाचंच. "ती निळी दाखवा की ओ." उंची, रस्ता, बजेट सगळं मागाहून. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एका सायकलच्या दुकानात मी २२ वर्षं फिटर आहे. खोक्यातून आलेल्या सायकली जोडायच्या, छर्रे (बेअरिंगच्या गोळ्या) बदलायचे, रिमचा आउट काढायचा म्हणजे वाकडं फिरणारं चाक सरळ करायचं आणि मालक जेवायला गेले की विकायच्यासुद्धा. रंगाला हसण्यावारी नेणाऱ्यांतला मी नाही. न आवडलेल्या रंगाची सायकल जिन्याखाली धूळ खाते, हे बघितलंय. पण रंगापायी माप चुकलेली सायकल त्याहून लवकर जिन्याखाली जाते, आणि तशी एक मीच विकलीय.

पाचवीतला पोरगा, उंची जेमतेम साडेचार फूट. त्याला तांबडीच पाहिजे. तांबड्यात दुकानात फक्त २६ इंची शिल्लक. २४ इंचीत निळी आणि राखाडी. वडील म्हणाले, "द्या हीच, वाढतं वय हाय, पुढच्या वर्षी बसंल बरोबर." मी सीट पार तळाला बसवून दिली आणि गप्प बसलो. तीन आठवड्यांनी वाकलेला ब्रेक लिव्हर घेऊन दोघं हजर. थांबताना पाय टेकत नाहीत, म्हणून पोरगा दर वेळी उडी टाकून उतरायचा. एकदा उडी चुकली आणि नळीवर आपटला. तेव्हापासून कुणी रंग विचारला की मी आधी टेप काढतो.

हे घरीही जमतं. चप्पल काढून भिंतीला पाठ लावा, दोन पायांच्या मधे जाडजूड वही उभी धरून वर घट्ट दाबा आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. सायकलची आडवी नळी या मापापेक्षा निदान इंच-दीड इंच खाली हवी. कच्च्या वाटेवर फिरणार असाल तर दोन-तीन इंच. मुलांचं चाकाच्या इंचावर ठरतं: साधारण सव्वाचार ते पावणेपाच फुटांच्या पोराला २४ इंची. वर-खाली होतं, कारण कुणाचे पाय लांब असतात, कुणाची पाठ. म्हणून शेवटी बसवूनच बघायचं. हे झालं की मग दुकानदाराला विचारा, "या मापात कुठले कुठले रंग आहेत?" प्रश्नाचा क्रम एवढा उलटा केला तरी निम्मं काम झालं.

आता रंग. उठून दिसतो म्हणून भडक रंग सुरक्षित, असं बरेच जण धरून चालतात. एकदा सायकलच्या मागं दहा-पंधरा पावलांवर उभं राहून बघा. फ्रेम दिसतच नाही. दिसतं ते टायर, मडगार्ड आणि चालवणाऱ्याची पाठ. पन्हाळ्याच्या रस्त्याला मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला तुमची फ्रेम पिवळी आहे का जांभळी, याचा पत्ताच नसतो. त्याला तुमचा शर्ट दिसतो. तेव्हा भडकपणा शर्टात किंवा सॅकच्या कव्हरात आणा. जुन्या काळ्या सायकलींच्या मागच्या मडगार्डावर खाली पांढरा पट्टा असायचा, आठवतंय? दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडात ब्लॅकआउट, म्हणजे रात्री सगळीकडं दिवे बंद असायचे, तेव्हा तिथं तो सक्तीचा होता. काम एकदम साधं: पांढरं, आणि बरोबर मागच्याच्या नजरेसमोर.

तांबड्याची एक गंमत सांगतो. संध्याकाळी दुकानाच्या दारात तांबडी आणि निळी अशा दोन सायकली लावलेल्या असतात. दिवसा तांबडी लांबून ओरडते. दिवस मावळला, रस्त्यावरचे दिवे अजून लागायचे आहेत, त्या पंधरा-वीस मिनिटांत तांबडी काळपट होत जाते आणि निळी उजळ वाटायला लागते. मला वाटायचं, माझेच डोळे गेले. पुतणी फिजिक्स शिकवते, तिनं सांगितलं की हे एकोणिसाव्या शतकातच पुर्किन्ये नावाच्या शास्त्रज्ञानं लिहून ठेवलंय. उजेड कमी झाला की डोळ्यातल्या दुसऱ्या पेशी काम करायला लागतात आणि त्यांना तांबडं जवळजवळ दिसतच नाही. म्हणजे रंकाळ्यावर संध्याकाळी फेरी मारणाऱ्यानं तांबड्या फ्रेमच्या भरवशावर राहू नये. फ्लोरोसंट जाकिटही दिवसाउजेडीच चमकतं. काळोखात चमकते ती त्याच्यावरची चंदेरी पट्टी. रात्री खरा उपयोग दिव्याचा आणि रिफ्लेक्टरचा. पुढं पांढरा, मागं लाल, पायडलला पिवळे. पायडलचे तर काढूच नका. ते वर-खाली हलतात, म्हणून गाडीवाल्याला लांबूनच कळतं की सायकल आहे. "दिसायला बरं नाही" म्हणून ते काढून द्या म्हणणारी पोरं येतात. मी काढत नाही.

रंग महत्त्वाचा ठरतो तो घरी गेल्यावर, फडकं हातात घेतल्यावर. सध्या मॅट काळ्याची फॅशन आहे. शोरूमच्या उजेडात झकास दिसतं. पण काळ्यावर मळ दिसत नाही हा गैरसमज आहे. पावसात चिखल उडून वाळला की मॅट काळ्यावर पांढुरके ठिपके नकाशासारखे उमटतात. आणि मॅटला पॉलिश मारता येत नाही, मारलं तर तेवढाच भाग चकाकतो. तेलाचं बोट, खंडेनवमीच्या पूजेचं कुंकू, मिरवणुकीतला गुलाल, सगळं त्या खरबरीत पृष्ठभागात बसतं. गुलाल पडला तर पाणी मारू नका. आधी कोरड्या मऊ ब्रशनं झाडा, मग धुवा. पांढऱ्यावर चेनचं काळं लगेच दिसतं. तांबडी आणि गुलाबी वर्षानुवर्षं उन्हात उभी राहिली की फिकी पडते. कमी कटकटीचा रंग म्हणाल तर राखाडी किंवा चंदेरी, आणि तोही चकचकीत. कंटाळवाणा आहे, कबूल.

दुधाचे कॅन लावून येणारे अजून काळी चकचकीत सायकलच का घेतात, ते विचारा. ओरखडा आला की कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानातला काळा ऑइल पेंट त्यावर जुळतो. मेटॅलिक निळा किंवा मोरपंखी जुळत नाही. खाली चमकीचा थर, वर पारदर्शक लॅकर, आणि प्रत्येक कंपनीची छटा वेगळी. महागातली मेटॅलिक घ्यायची तर पहिल्याच दिवशी जुनी ट्यूब चिरून चेनकडच्या मागच्या नळीला गुंडाळा. चेन आपटून पहिला टवका तिथंच उडतो. केबल फ्रेमला घासते तिथं पारदर्शक टेप. पैसे देण्याआधी सायकल उलटी करून पायडलच्या खालची बाजू आणि वेल्डिंगचे सांधे नखानं चाचपा. खोक्यात घासून गेलेला रंग बहुतेक तिथंच लपलेला असतो.

पैसे वाचवायचे असतील तर "याच मॉडेलचा मागच्या वर्षीचा रंग आहे का?" असं विचारा. बऱ्याचदा नव्या वर्षी फक्त रंग आणि स्टिकर बदलतात. मात्र ब्रेक आणि गिअर तेच आहेत का, ते दोन्ही शेजारी लावून बघा.

रंग नंतर बदलता येतो, माप बदलता येत नाही. पेठेतल्या एका आजोबांनी नातवाला सायकल नेली ती नेमकी समोरच्या तालमीच्या फुटबॉल जर्सीच्या रंगाची. पोरगं गल्लीत बाहेर काढायला तयार नाही. कोल्हापुरात तालमींचे फुटबॉल संघ एकमेकांचे कट्टर, त्यामुळं हा हट्ट नाही, अडचण आहे. आम्ही ग्रिप, सीट कव्हर, बाटलीचा स्टँड आणि केबल पोराच्या तालमीच्या रंगाचे लावून दिले, काम भागलं. पूर्ण फ्रेमच बदलायची तर उद्यमनगरात पावडर कोटिंग होतं, म्हणजे रंगाची पूड फवारून भट्टीत भाजतात. त्यासाठी सायकल पूर्ण खोलायची, वाट्या आणि छर्रे काढायचे, आटे झाकायचे, कारण भट्टीत दीडशे-दोनशे अंशांची उष्णता असते. स्टिकर जातात. कार्बन फ्रेम मात्र त्या भट्टीत कधी घालू नका.

अजून एक. "धाकट्या भावाला पण चालंल असा रंग द्या," असं पालक मुलीच्या सायकलीसाठी सर्रास म्हणतात. परवाच एक आठवीतली पोरगी आईशी यावरून भांडली. माप दोघींच्या पसंतीच्या सायकलींचं बरोबर होतं, म्हणून मी मधे पडलो नाही. "मी जांभळीच नेतो," म्हणाली आणि नेली. आठवड्यानं पहिला ओरखडा घेऊन आली, मुठीत महाद्वार रोडवरून आणलेल्या नेलपॉलिशच्या तीन बाटल्या. तिसरी जुळली. मी दोन पातळ हात मारून दिले आणि बाटली सीटच्या पिशवीत टाकायला सांगितली.