नाकाच्या शस्त्रक्रियेसाठी कूर्चा कोठून घ्यावी?

नाकाचा आकार बदलायचे ठरले की रुग्ण बहुधा आधी विचारतो, सर्वांत चांगली कूर्चा (हाडापेक्षा मऊ, लवचिक ऊती) कोणती? त्याऐवजी कूर्चेचा तो तुकडा नाकात कोणते काम करणार आहे, हे विचारावे. शेंड्याला टेकू द्यायचा आहे, बसलेला दांडा उचलायचा आहे, की श्वास घेताना आत ओढली जाणारी नाकपुडी सावरायची आहे, हे नक्की झाले की निवडीचा बराचसा गुंता सुटतो.

पहिली पसंती नाकाच्या पडद्याला, म्हणजे दोन नाकपुड्यांमधल्या भिंतीला द्यावी. ही कूर्चा सपाट व ताठ असते आणि शस्त्रक्रियेच्या जागेतच मिळत असल्याने शरीरावर दुसरी जखम होत नाही. दांड्याच्या दोन्ही बाजूंना आतून बसवायच्या लांबट पट्ट्यांसाठी ती विशेष सोयीची. मात्र पडद्याच्या वरच्या आणि पुढच्या कडेला किमान 1 सेंटिमीटर रुंदीची, एल अक्षराच्या आकाराची चौकट शिल्लक ठेवावीच लागते. ती कमकुवत झाली तर नाक खाली बसते. म्हणून पूर्वी पडद्याची शस्त्रक्रिया झाली असल्यास किंवा नाकाला मोठा मार लागला असल्यास ते पहिल्याच भेटीत सांगावे आणि जुनी कागदपत्रे सोबत न्यावीत.

आपल्या कानाची वाटी चिमटीत धरून हलकेच दुमडून पाहा. ती वाकते आणि सोडताच पूर्ववत होते. कानाच्या कूर्चेचा गुण तो आणि मर्यादाही तीच. नाकपुडीच्या कडेसाठी किंवा शेंड्याच्या गोलाईसाठी तिचा उपजत बाक उपयोगी पडतो, पण भार पेलणारा खांब म्हणून ती सहसा अपुरी ठरते. व्रण बहुधा कानामागे लपतो आणि नीट काढल्यास कानाचा आकार फारसा बदलत नाही.

भरपूर आणि मजबूत कूर्चा हवी असेल, विशेषतः दुसऱ्यांदा होणाऱ्या शस्त्रक्रियेत, तेव्हा बरगडीच्या कूर्चेकडे वळावे लागते. साधारणपणे सहावी, सातवी किंवा आठवी बरगडी निवडतात. तिचा मोठा दोष म्हणजे कोरल्यानंतर ती वाकते. कूर्चेच्या आतील ताण सर्व बाजूंनी समतोल राहील अशा रीतीने तुकडा कोरावा, हे तत्त्व गिब्सन आणि डेव्हिस या संशोधकांनी 1958 मध्ये मांडले. त्यामुळे अनेक शल्यचिकित्सक कोरलेला तुकडा सलाइनमध्ये काही वेळ ठेवून त्याचा कल पाहतात आणि मगच तो बसवतात. आपले डॉक्टर काय करतात, हे निःसंकोच विचारावे. वयानुसार या कूर्चेत चुना साठून ती ठिसूळ होते, म्हणून उतारवयात आधी सीटी स्कॅनचा उपयोग होतो. छातीवर व्रण राहतो, काही दिवस खोकताना दुखते, आणि फुप्फुसाभोवतीच्या आवरणाला छिद्र पडण्याचा धोका, क्वचित का होईना, असतोच.

केवळ दांड्याची उंची वाढवायची असेल, तर कूर्चा बारीक चिरून कानशिलावरील स्नायूच्या पातळ आवरणात गुंडाळतात. असा तुकडा वाकत नाही आणि कडाही उठून दिसत नाहीत, परंतु टेकू देण्यासाठी तो निरुपयोगी आहे.

दात्याची, किरणोत्साराने निर्जंतुक केलेली बरगडी वापरल्यास छातीची जखम टळते. मात्र ती काळानुसार विरघळण्याची शक्यता गृहीत धरावी. सिलिकॉन हा कृत्रिम पदार्थ आहे, कूर्चा नव्हे. त्याला जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि ताणलेल्या पातळ त्वचेतून तो वर्षांनंतरही बाहेर येऊ शकतो. शेंड्याखाली तो ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. रोपण केलेला तुकडा भोवतालच्या ऊतींतून झिरपणाऱ्या पोषणावर जगतो. धूम्रपानाने त्या ऊतींचा रक्तपुरवठा घटतो, म्हणून ते शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधीपासून बंद ठेवावे. संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी, पडद्यातील कूर्चा अपुरी पडली तर कान की बरगडी, हेही ठरवून लिहून घ्यावे, कारण तो प्रश्न ऐन वेळी उद्भवतो तेव्हा रुग्ण भुलीखाली असतो.